संक्रमण पट्ट्यातील हिरवळ: आधी गवत ओळखावे, मग कापावे

अमेरिकेत मेरीलँड-व्हर्जिनियापासून नॉर्थ कॅरोलायना, टेनेसी, केंटकी आणि मिझुरीमार्गे कॅन्ससपर्यंत जो आडवा पट्टा पसरला आहे, त्याला हिरवळीचे जाणकार 'ट्रान्झिशन झोन', म्हणजे संक्रमण पट्टा म्हणतात. उत्तरेकडील थंडीत पोसलेले गवत येथे उन्हाळ्यात होरपळते आणि दक्षिणेकडील उष्णतेत पोसलेले गवत येथे हिवाळ्यात वाळून पिवळे पडते. दोन्ही प्रकार जगतात, परंतु बारा महिने सुखाने कोणताच राहत नाही. नॉर्थ कॅरोलायनातील कॅरी, मॉरिसव्हिल किंवा व्हर्जिनियातील ॲशबर्न अशा ठिकाणी पहिले घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांची हिरवळीशी पहिली गाठ पडते ती याच पट्ट्यात. 'दर शनिवारी कापा आणि तीन इंचांवर ठेवा', हा सल्ला तेथे पहिल्याच आठवड्यात कानी येतो. देणाऱ्याच्या गवताला तो लागू पडत असेलही; परंतु एकाच रस्त्यावरच्या दोन अंगणांत दोन वेगळी गवते असू शकतात आणि त्यांची वर्षे एकमेकांच्या अगदी उलट चालतात. म्हणून यंत्र विकत घेण्याच्याही आधी आपल्या अंगणात कोणते गवत आहे, हे पाहणे आवश्यक ठरते.

गवत ओळखणे

सर्वात सोपी कसोटी जानेवारीत मिळते. ऐन थंडीत अंगण हिरवे असेल, तर गवत थंड हंगामाचे आहे. ते बहुधा टॉल फेस्क्यू असते आणि क्वचित त्यात केंटकी ब्लूग्रास मिसळलेले असते. अंगण गव्हाच्या काडासारखे फिकट पिवळे दिसत असेल आणि तरीही नोव्हेंबरपर्यंत ते धडधाकट होते असे शेजारी सांगत असतील, तर गवत उष्ण हंगामाचे, म्हणजे बर्म्युडा, झॉयसिया किंवा सेंटिपीड आहे आणि ते मेलेले नसून निद्रिस्त आहे. नव्या घरमालकांपैकी काही जण हे पिवळे अंगण पाहून घाबरतात आणि फेब्रुवारीत बियांच्या पिशव्या आणून ओततात. तो खर्च वाया जातो.

घर उन्हाळ्यात घेतले असेल आणि जानेवारीपर्यंत थांबणे शक्य नसेल, तर खाली वाकून पाते पाहावे. टॉल फेस्क्यूचे पाते रुंद असते, त्याच्या वरच्या बाजूला उभ्या शिरा स्पष्ट दिसतात आणि ते झुपक्याझुपक्याने उगवते. ब्लूग्रासच्या पात्याचे टोक होडीच्या नाळेप्रमाणे वर वळलेले असते. झॉयसियाची पाती ताठ असतात आणि अनवाणी पायांना टोचतात. सेंटिपीडचा रंग इतरांपेक्षा पोपटी असतो आणि ते जमिनीलगत पसरते. बर्म्युडा ओळखणे मराठी माणसाला सर्वांत सोपे जावे, कारण ही आपलीच दूर्वा, अर्थात शेतकऱ्याला नकोशी झालेली हरळी आहे. जमिनीवर धावणाऱ्या आणि पेरापेराला मुळे धरणाऱ्या तिच्या काड्या एकदा पाहिलेल्या डोळ्यांना दुसरी खूण लागत नाही. 'टिफवे ४१९' यांसारखी हिरवळीसाठी तयार केलेली संकरित वाणे अधिक बारीक पात्याची असतात, परंतु स्वभाव तोच. (गणेशोत्सवात अंगणातून दूर्वा तोडायच्या असतील, तर तणनाशक किंवा कीटकनाशक मारलेल्या भागातून त्या घेऊ नयेत. हिरवळीची देखभाल कंत्राटदाराकडे असेल, तर त्याने केव्हा आणि काय फवारले, हे विचारून घ्यावे.)

अंगणात सरमिसळ असणेही नेहमीचे आहे. फेस्क्यूच्या हिरवळीत बर्म्युडा घुसली, तर हिवाळ्यात हिरव्या चादरीवर पिवळे पट्टे दिसतात आणि उन्हाळ्यात तेच पट्टे सर्वांत हिरवे असतात. अशा अंगणात बहुसंख्य कोणते, ते ठरवून त्याच्या मापाने कापावे. दोघांना खूश ठेवणारी मधली उंची धरल्यास हळूहळू बर्म्युडाच जिंकते, कारण तिला कमी उंची सोसते आणि फेस्क्यूला सोसत नाही.

उंची आणि एकतृतीयांशाचा नियम

टॉल फेस्क्यू ३ ते ४ इंचांवर ठेवावे; साडेतीन इंच हे नवख्याने डोळे मिटून धरावे असे माप आहे. ब्लूग्रास अडीच ते साडेतीन इंच, बर्म्युडा आणि झॉयसिया १ ते २ इंच, सेंटिपीड १ ते दीड इंच. गोल फिरणाऱ्या पात्याच्या साध्या यंत्राने एक इंच वा त्याहून कमी उंची ठेवू पाहिल्यास जमिनीच्या उंचवट्यांवर गवत खरवडले जाते आणि तपकिरी टक्कल पडते. तितके बुटके गवत हवे असेल, तर कात्रीप्रमाणे कापणारे रील यंत्र आणि सपाट केलेली जमीन ही दोन्ही लागतात. माझ्या मते नवख्याने त्या नादी लागू नये आणि बर्म्युडा दीड ते दोन इंचांवर ठेवून समाधान मानावे.

कापण्याची वेळ कॅलेंडरवरून न ठरवता गवताच्या उंचीवरून ठरवावी. नियम असा की, एका वेळी पात्याच्या उंचीचा एकतृतीयांशापेक्षा अधिक भाग कापू नये. फेस्क्यू साडेतीन इंचांवर ठेवायचे असेल, तर ते पाच इंचांवर जाण्यापूर्वी कापले पाहिजे. बर्म्युडा दीड इंचावर ठेवायची असेल, तर ती सव्वादोन इंच होताच कापली पाहिजे. या नियमामागे साधे कारण आहे. गवताचे अन्न पात्यात तयार होते आणि पाते एकदम तोडले की मुळांची वाढ थांबून झाडाची शिल्लक नवे पाते काढण्यात खर्च होते. मुळे उथळ राहिली की पुढचा उन्हाळा जड जातो.

प्रवासामुळे किंवा पावसामुळे गवत गुडघ्याला लागले, तर एका दमात मूळ उंचीवर आणण्याचा मोह टाळावा. यंत्र उंची ठरवणाऱ्या खाचांपैकी सर्वांत वरच्या खाचेवर ठेवून पहिली फेरी मारावी, तीन-चार दिवस जाऊ द्यावेत, मग एक खाच खाली उतरावे आणि असे करत दोन-तीन फेऱ्यांत नेहमीच्या उंचीवर यावे. मात्र प्रतीक्षेलाही मर्यादा आहे. व्हर्जिनियातील फेअरफॅक्स काउंटीत अर्ध्या एकरापेक्षा लहान निवासी जागेतील गवत १२ इंचांपेक्षा उंच होऊ देणे नियमभंग ठरते, आणि वसाहतींच्या गृहसंघटनांचे (एचओए) नियम बहुधा याहून कडक असतात.

यंत्राची तयारी

यंत्राच्या उंचीच्या दांड्यावर लिहिलेले आकडे पुष्कळदा केवळ खाचांचे क्रमांक असतात, इंच नव्हेत. म्हणून यंत्र सपाट काँक्रीटवर उभे करावे, पेट्रोलचे असल्यास स्पार्क प्लगची तार काढावी, बॅटरीचे असल्यास बॅटरी काढावी आणि मगच पट्टीने जमिनीपासून यंत्राच्या पात्याच्या धारेपर्यंतचे अंतर मोजावे. प्रत्येक खाचेचे माप एकदा मोजून गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवल्यास पुन्हा हा खटाटोप करावा लागत नाही.

पात्याची धार हा विषय नवखे हमखास विसरतात. बोथट पाते गवत कापत नाही, फाडते; फाटलेली टोके एक-दोन दिवसांत पांढुरकी होतात आणि दुरून सारे अंगण करपल्यासारखे दिसते. साधारण दहा तासांच्या वापरानंतर पाते तपासावे आणि मोसमात किमान एकदा-दोनदा धार लावून घ्यावी. पेट्रोलचे यंत्र आडवे करताना कार्ब्युरेटर आणि एअर फिल्टर वरच्या बाजूला येतील असे पाहावे, नाही तर तेल फिल्टरमध्ये शिरते. पाव एकरापर्यंतच्या जागेसाठी बॅटरीचे यंत्र पुरते आणि नव्या घरमालकाला मी तेच सुचवेन. त्यात तेल बदलणे नाही, शिळे पेट्रोल नाही आणि वजन कमी असल्याने ओल्या मातीवर चाकोऱ्या उमटत नाहीत.

सुरक्षिततेच्या बाबतीत तडजोड नसावी. चपला घालून गवत कापण्याची आपल्याकडील सवय येथे धोकादायक आहे. पाय झाकणारे घट्ट तळव्याचे बूट, लांब पँट, डोळ्यांना चष्मा आणि पेट्रोलच्या यंत्रासाठी कानांचे संरक्षण आवश्यक आहे. ढकलण्याच्या यंत्राचे हँडलवरील दांडके सोडताच तीन सेकंदांत पाते थांबले पाहिजे, असा अमेरिकेतील नियम १९८२ पासून लागू आहे. ते दांडके दोरीने वा टेपने बांधून ठेवलेले जुने यंत्र कोणी फुकट दिले, तरी घेऊ नये. उतारावर ढकलण्याचे यंत्र आडवे चालवावे आणि बसून चालवण्याचे यंत्र वर-खाली चालवावे. लहान मुलांना अंगणाबाहेर ठेवावे, आणि नातवंडाला मांडीवर घेऊन यंत्रावर फेरी मारण्याचा कौतुकाचा प्रकार तर कधीच करू नये. सुरुवात करण्यापूर्वी अंगणात एक चक्कर मारून दगड, खेळणी, पाण्याचे पाइप आणि स्वीटगमच्या झाडाची काटेरी बोंडे उचलून टाकावीत.

वसंत: एकाची धावपळ, दुसऱ्याची जाग

मार्चपासून फेस्क्यू भराभर वाढू लागते. तिला १५ ते २४ अंश सेल्सियसचे हवामान मानवते आणि एप्रिल-मे महिन्यांत ते भरपूर मिळते. या काळात पाच-सहा दिवसांनी कापावे लागते आणि पाऊस पडत राहिला तर त्याहूनही लवकर. मार्चच्या पहिल्या कापणीत मेलेली टोके काढण्यापुरते थोडे खाली आणि नंतर लगेच साडेतीन इंच, हा क्रम बरा. वसंतात फेस्क्यू खूप खाली कापणाऱ्याला पुढे क्रॅबग्रास नावाच्या तणाचा त्रास अधिक होतो, कारण या तणाच्या बियांना जमिनीवर पडणारे ऊन हवे असते आणि उंच गवताची सावली त्यांना दाबून ठेवते. माती सुमारे ५५ अंश फॅरनहाइटला पोहोचली की हे तण उगवू लागते. फोर्सिथिया या झुडपाची पिवळी फुले बहरतात तो काळ साधारण याच सुमाराचा. उगवण रोखणारे औषध टाकायचे असल्यास ते त्यापूर्वी टाकावे लागते.

बर्म्युडाच्या बाबतीत हीच वेळ वेगळ्या कामाची आहे. ती हिरवी होण्याच्या जरा आधी, म्हणजे नॉर्थ कॅरोलायनाच्या मध्यभागात मार्चच्या उत्तरार्धापासून एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात, हिवाळ्यातील वाळलेले काड यंत्राची खाच उतरवून कापून काढतात आणि गोळा करतात. त्यामुळे ऊन मातीपर्यंत पोहोचून माती लवकर तापते आणि नवे कोंब जोमाने येतात. झॉयसियालाही हे चालते, मात्र ती सावकाश जागी होते. सेंटिपीडला हा उपचार करू नये, कारण तिच्या काड्या जमिनीवर उघड्या पसरलेल्या असतात आणि त्या तुटल्या की ती भरून यायला फार वेळ घेते. फेस्क्यूला तर हा प्रयोग चुकूनही करू नये. शेजारी एप्रिलमध्ये आपली बर्म्युडा मातीपर्यंत खरवडताना दिसला म्हणून त्याची नक्कल करणाऱ्या फेस्क्यूवाल्याचा उन्हाळा बिघडतो.

उन्हाळा: येथेच खरी परीक्षा

जूनच्या मध्यापासून चित्र उलटते. तापमान २७ ते ३५ अंशांत गेले की बर्म्युडा आणि झॉयसिया ऐन जोरात येतात. खत आणि पाणी मिळणारी बर्म्युडा जुलैत आठवड्यातून दोनदा कापावी लागू शकते आणि एक कापणी चुकली की पुढच्या वेळी एकतृतीयांशाचा नियम पाळणे अवघड होते. खालची पाती उन्हाअभावी तपकिरी झालेली असतात आणि वरचे हिरवे निघून गेले की तो तपकिरी थरच उघडा पडतो. पंधरा दिवसांची भारतवारी जुलैत करायची असेल, तर बर्म्युडावाल्याने कापण्याची व्यवस्था आधी लावावी.

फेस्क्यू मात्र याच काळात आजारी माणसाप्रमाणे सांभाळावी लागते. यंत्र एक खाच वर चढवून ती चार इंचांपर्यंत ठेवावी आणि गरज असेल तेव्हाच कापावी. दोन कापण्यांत दहा-बारा दिवसांचे किंवा त्याहून अधिक अंतर पडले तरी चालते. दुपारच्या उन्हात न कापता सकाळी दव सुकल्यावर किंवा सायंकाळी कापावे. पाणी न मिळाल्याने ती तपकिरी होऊन झोपली असेल, तर तिच्यावर यंत्र फिरवूच नये. अशा गवतावर चाके फिरली की चाकोऱ्यांच्या जागी ते मरते. कंत्राटदार दर आठवड्याच्या कराराने येत असेल, तर त्याला 'या आठवड्यात नको' असे स्पष्ट सांगावे. पैसे भरलेले आहेत म्हणून कापून घेणे, हा मला या साऱ्या व्यवहारातील सर्वांत महागडा हिशेब वाटतो.

उन्हाळ्यातील दुसरा शत्रू म्हणजे ब्राउन पॅच हा बुरशीचा रोग. रात्रीचे तापमान २० अंशांच्या खाली उतरत नाही आणि पाती तासन्‌तास ओली राहतात, तेव्हा फेस्क्यूमध्ये तपकिरी गोल डाग पडतात. ओले गवत कापल्यास चाकांना आणि पात्याला चिकटून बुरशी अंगणभर पसरते, म्हणून रोग असताना कोरड्या गवतावरच यंत्र फिरवावे, निरोगी भाग आधी आणि डागाळलेला भाग शेवटी कापावा, आणि एरवी अंगणातच सोडायचे गवत या काळापुरते पिशवीत गोळा करावे.

एरवी कापलेले गवत जागेवरच पडू द्यावे. ते बारीक असेल तर काही दिवसांत कुजते आणि गवताला वर्षाकाठी लागणाऱ्या नत्राचा जवळपास चौथा हिस्सा त्यातून परत मिळू शकतो. त्यामुळे जाड थर साचतो, हा समज खरा नाही. तो थर मुख्यतः काड्या आणि मुळे यांचा असतो. मात्र फुटपाथवर आणि रस्त्यावर उडालेले गवत झाडून वा फुंकून पुन्हा हिरवळीवर आणावे. रस्त्यालगतच्या जाळीतून ते थेट ओढ्यात जाते, आणि उत्तर व्हर्जिनियातील ओढे शेवटी चेसापीक उपसागराला मिळतात.

कापण्याची पद्धतही येथेच सांगून टाकावी. प्रथम कडेने दोन फेऱ्या मारून वळण्यापुरती जागा करावी, त्यानंतर सरळ ओळी धराव्यात आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर चार-पाच बोटे चढवावी. दर खेपेस दिशा बदलावी, म्हणजे गवत एकाच बाजूला झुकत नाही आणि चाकोऱ्या पडत नाहीत. या भागातील लाल चिकणमाती ओली असताना फार लवकर दबते. बुटांखाली पाणी दिसत असेल तर त्या दिवशी यंत्र बाहेर काढू नये.

शरद: फेस्क्यूचे नवे वर्ष

टॉल फेस्क्यू झुपक्याने वाढते आणि मोकळ्या जागा स्वतःहून फारशा भरत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात पडलेली टकले भरण्यासाठी दरवर्षी सप्टेंबर ते मध्य ऑक्टोबर या काळात बी टाकण्याची पद्धत आहे. त्यापूर्वी एकदाच गवत दोन-अडीच इंचांपर्यंत खाली कापून काढलेले सारे गवत गोळा करावे, जमीन भोके पाडणाऱ्या यंत्राने मोकळी करावी आणि मग बी टाकावे. दुकानात 'केंटकी ३१' नावाची स्वस्त पिशवी दिसेल. १९३१ मध्ये केंटकीतील एका डोंगरी शेतावर सापडलेले आणि १९४३ मध्ये प्रसारात आलेले हे वाण चाऱ्यासाठी उत्तम ठरले. हिरवळीसाठी मात्र ते जाड आणि विरळ वाटते. बारीक पात्याच्या नव्या वाणांचे मिश्रण घेणे श्रेयस्कर.

नवे रोप साडेचार-पाच इंचांचे झाल्यावर पहिल्यांदा कापावे. तोपर्यंत जुने गवत कितीही वाढले तरी घाई करू नये, आणि कापताना माती कोरडी व पाते धारदार असलेच पाहिजे. बोथट पात्याने कोवळी रोपे मुळासकट उपटून येतात. पुढे नोव्हेंबरपर्यंत फेस्क्यू वसंताप्रमाणेच नियमाने कापावी लागते. ओक आणि मेपलची पाने याच काळात पडतात. ती दाट साचली की खालचे नवे रोप गुदमरते. पातळ थर असेल तर त्यावरून यंत्र दोनदा फिरवून पानांचा चुरा करावा, तो मातीत मिसळतो; परंतु गवत दिसेनासे होईल इतकी पाने असतील, तर ती आधी काढून टाकावीत.

बर्म्युडावाल्याचे वर्ष या सुमारास मिटत येते. पहिल्या कडक हिमतुषाराच्या तीन-चार आठवडे आधी उंची सुमारे अर्धा इंच वाढवावी, म्हणजे थंडीत मुळांना थोडे पांघरूण मिळते. गवत पिवळे पडले की वसंतापर्यंत कापण्याचे काम संपले.

हिवाळा

फेस्क्यू डिसेंबर-जानेवारीत जवळजवळ थांबते. उबदार आठवड्यात ती पाच इंचांकडे झुकली तर एखादी कापणी पुरते. गोठलेल्या गवतावर चालूही नये, कारण त्यावर पडलेली पावले पुढे तपकिरी ठशांच्या रूपाने दिसतात. या काळात यंत्राकडे लक्ष द्यावे. पेट्रोलचे यंत्र ठेवून देताना टाकीत पेट्रोल शिळे होऊ न देणारे स्टॅबिलायझर घालून ते काही मिनिटे चालवावे किंवा टाकी रिकामी करावी. दहा टक्क्यांपेक्षा अधिक इथेनॉल असलेले पेट्रोल लहान इंजिनांत भरू नये. बॅटरी गॅरेजच्या गारठ्यात न ठेवता घरात ठेवावी. डेकच्या, म्हणजे पात्यावरील झाकणाच्या, आत चिकटलेले वाळके गवत लाकडी पट्टीने खरवडून काढावे आणि पाते धारेला जानेवारीतच द्यावे. मार्चच्या पहिल्या उबदार शनिवारी धार लावणाऱ्या दुकानाबाहेर रांग असते.